हात पोचेल ती गाडी

दिवाळी जवळ आली की या सदराच्या लेखकाकडे दोन प्रकारचे सल्ले मागितले जातात. चिवडा मऊ का पडला, हा एक. आणि बाजूला टाकलेल्या चार पैशांचे काय करू, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवून मोकळा होतो. दुसऱ्याला मात्र उत्तर द्यावेच लागते. कारण विचारणारा बहुधा नात्यातला असतो, आणि उत्तर चुकले तर पुढच्या दिवाळीला फराळाला त्याच्याच घरी जायचे असते!

यंदाचा प्रश्न इंग्लंडातून आला. माझा भाचा तिकडे कॉव्हेंट्री गावी असतो. दिवसभर संगणकापुढे बसण्याची नोकरी, एक बायको, सहा वर्षांची एक मुलगी आणि घरामागे एक रिकामे गॅरेज, असा त्याचा आटोपशीर संसार आहे. एके रात्री त्याच्याकडून फोनवर चार छायाचित्रे आली आणि खाली एकच ओळ : 'मामा, यांतली कोणती पसंत करू?'

चाळिशीला टेकलेल्या, एका मुलीच्या बापाने असा प्रश्न विचारावा म्हणजे मामाच्या काळजात धस्स व्हायचेच! पण चश्मा लावून पाहिले तेव्हा जीव भांड्यात पडला. छायाचित्रे मोटारींची होती. चारही जुन्या, चारही बुटक्या, लांब नाकाच्या आणि छप्पर उघडणाऱ्या. ज्यांना 'स्पोर्ट्स कार' म्हणतात, त्या जातीच्या. जवळ सहा हजार पौंड आहेत आणि अट एकच, असे भाचेबुवांनी कळवले होते : 'गाडीची देखभाल मी माझ्या हातांनी करणार. मेकॅनिककडे नेणार नाही.'

त्याखाली सूनबाईंचा स्वतंत्र निरोप होता : 'मामा, यांनी मागे घरातला नळ दुरुस्त केला, तेव्हा प्लंबरला दोनदा बोलवावं लागलं. हे लक्षात ठेवून सल्ला द्या.'

आता मी काही मोटारींतला तज्ज्ञ नव्हे. तरी भाच्याने मलाच विचारले, याला एक कारण आहे. ते कारण मी शेवटी सांगणार आहे, कारण ते सांगताना मला थोडे ओशाळायला होते. आधी चार गाड्यांचा निकाल लावू. वाचकांपैकी फारच थोडे जण स्पोर्ट्स मोटार घ्यायला निघतील, हे मला ठाऊक आहे. पण जुनी स्कूटर, आजोबांची फियाट किंवा शिवणाचे यंत्र यांपैकी काही ना काही पुष्कळांच्या घरी असते, आणि हिशेब सगळीकडे सारखाच.

लोकांची समजूत अशी की, देखभालीला सोपी गाडी म्हणजे जी बिघडत नाही ती. हे निम्मेच खरे आहे. पन्नास वर्षांची कोणतीही गाडी बिघडणारच. प्रश्न एवढाच की, बिघाड झाला तो दिसतो का, तिथे आपला हात पोचतो का, आणि तुटलेला तुकडा बाजारात मिळतो का? या तिन्हींची उत्तरे 'होय' असतील तर ती गाडी सोपी. एकाचे जरी 'नाही' आले, तरी कितीही देखणी असो, तिला दुरून नमस्कार करावा.

पहिले छायाचित्र होते ट्रायम्फ स्टॅगचे. सूनबाईंना ही पसंत होती, कारण चौघांपैकी हिलाच मागे बसायला जागा आहे. गाडी खरोखर रुबाबदार! तीन लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, आणि आवाज असा की गल्लीतली माणसे खिडकीत यावीत. १९७० ते १९७७ या काळात सुमारे सव्वीस हजार स्टॅग तयार झाल्या. पण हिचे इंजिन फार तापते, ही कीर्ती हिला जन्मापासून चिकटली. पाण्याचा पंप इंजिनाच्या उंच भागी बसवलेला. त्यामुळे पाणी थोडे कमी झाले की आधी त्याचीच उपासमार होते. वरचे हेड ॲल्युमिनियमचे, खालचा ब्लॉक बिडाचा. हेड आवळून धरणारे निम्मे बोल्ट सरळ आणि निम्मे तिरके. वर्षानुवर्षांच्या गंजाने तिरके बोल्ट हेडमध्ये असे रुतून बसतात की, एरवी एका दिवसाचे हेड उतरवण्याचे काम आठवडा खाते. जाणत्यांनी नीट केलेल्या स्टॅग आज छान चालतात. पण त्या जाणत्यांच्या हातच्या. नळाला दोन प्लंबर लागलेल्या माणसाने या वाटेला जाऊ नये. मी स्टॅगवर फुली मारली. सूनबाई थोड्या खट्टू झाल्या.

दुसरे छायाचित्र एमजीबीचे. लालभडक रंग, चकचकीत क्रोमचे बंपर आणि तारांची चाके. या गाडीचे कौतुक करावे तेवढे थोडे. १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात ही बनत होती. बंद छपराची जीटी धरून पाच लाखांवर एमजीबी बाहेर पडल्या. (आज आपल्या रस्त्यांवर एमजी नावाच्या गाड्या दिसतात, त्यांचा या जुन्या घराण्याशी संबंध नावापुरता. ते नाव आता चिनी मालकीचे आहे.) इतक्या गाड्या निघाल्या म्हणून सुट्या भागांचा सुकाळ आहे. इतका की, १९८८ पासून एमजीबीची अख्खी कोरी बॉडी पुन्हा पत्र्यातून घडवून विकली जाऊ लागली. पावणेदोन लिटरांहून किंचित मोठे, चार सिलिंडरांचे साधे दणकट इंजिन, दोन कार्ब्युरेटर, सगळे कसे समोर मांडून ठेवल्यासारखे. प्लग, पॉइंट, टॅपेट ही कामे शनिवारी सकाळी चहा झाल्यावर सुरू करावीत आणि जेवणापूर्वी संपवावीत.

दोष दोन. क्लच बदलायचा तर इंजिन उचलून बाहेर काढावे लागते. घरच्या गॅरेजात ते होते, पण साखळीचा उचलक आणि एक धट्टाकट्टा मित्र लागतो. दुसरा दोष मोठा. या गाडीला वेगळी चॅसी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा, आणि त्याची सारी ताकद दारांखालच्या उंबऱ्यांत. बाहेरून एक पत्रा दिसतो, पण आत एकाआड एक असे पत्रे आहेत. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ आणि पाणी या उंबऱ्यात शिरते आणि गाडी आतून पोखरत राहते. वरून लालभडक, आतून पिठूळ!

तिसरे छायाचित्र जपानी. माझदा एमएक्स-५. १९८९ साली जपानी मंडळींनी या जुन्या इंग्रजी गाड्यांचा कित्ता गिरवला, फक्त त्यातली तेलाची गळती तेवढी वगळली! पहिली पिढी १९९७ पर्यंत निघाली. डोळे मिटणारे, उघडणारे दिवे हिची खूण. हिला कार्ब्युरेटर नाही, पॉइंट नाहीत, टॅपेट जुळवायचे नाहीत. सकाळी किल्ली फिरवावी आणि निघावे. दात्यांचा पट्टा साठ हजार मैलांना बदलायचा, तेल वेळेवर बदलायचे, आणि मागच्या चाकांपुढचे उंबरे गंजतात तिकडे डोळा ठेवायचा. बस्स! सुटे भाग स्वस्त आणि मुबलक.

मी भाच्याला प्रामाणिकपणे लिहिले : 'तुला गाडी चालवायची असेल तर डोळे मिटून ही घे.' त्याचे उत्तर आले : 'मामा, चालवायला माझ्याकडे एक आहे. मला उघडायला हवी आहे.'

या वाक्यावर मी जरा थांबलो. दिवसभर ज्याचे काम पडद्यावर होते आणि पडदा बंद केला की दिसेनासे होते, त्या माणसाला संध्याकाळी हाताला काळे लागावेसे वाटते. हा काही पोरकट हट्ट नव्हे. पण हट्ट नीट ओळखून मग वस्तू निवडावी. ज्याला स्वयंपाकाची हौस आहे त्याला तयार डबा लावून देऊ नये, आणि ज्याला नुसती भूक लागली आहे त्याच्यापुढे पाटा-वरवंटा ठेवू नये.

चौथे छायाचित्र मी मुद्दाम शेवटी ठेवले होते. मोहरीच्या रंगाची, जरा उडालेल्या रंगाची ट्रायम्फ स्पिटफायर. भाचा राहतो त्या कॉव्हेंट्रीतच, कॅनले भागातल्या कारखान्यात, १९६२ ते १९८० या काळात ही बनली, तीन लाखांवर. हिचे रूप इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखले. आणि हिच्या पोटाखाली जी चॅसी आहे ती मूळची हिची नव्हे. ती ट्रायम्फ हेराल्ड नावाच्या घरगुती गाडीची आहे, आखूड करून घेतलेली. आपल्या वडीलधाऱ्या वाचकांचे कान आता टवकारले असतील. होय, तीच हेराल्ड! १९६१ पासून मद्रासेत 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून जी बनू लागली आणि आपल्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या दारांत दिसू लागली, ती. स्पिटफायर ही तिची नाचरी धाकटी बहीण.

हात पोचण्याचा मुद्दा निघाला तर या घराण्याला तोड नाही. यांचे बॉनेट म्हणजे नुसते झाकण नव्हे. पुढचे दोन्ही पंखे आणि दिव्यांसकट अख्खे नाकच पुढे कलंडते. इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाके, सगळे उघडे पडते. पुढच्या चाकावर पाटावर बसल्यासारखे बसावे आणि मांडीशी आलेले इंजिन सावकाश दुरुस्त करावे. कंबर वाकवावी लागत नाही. आणि चाळिशीनंतर गाडी निवडताना कंबरेचे मत विचारात घ्यावे लागते! गिअरबॉक्स काढायचा तर तो आतून, बसायच्या जागेतून निघतो. इंजिन जागचे हलवावे लागत नाही. नट-बोल्ट इंची मापाचे, आणि चार-पाच पान्यांत बहुतेक काम भागते.

दोषही सांगितले पाहिजेत. आरंभीच्या स्पिटफायरची मागची चाके जोराच्या वळणावर आत मुडपतात. १९७० नंतरच्या चौथ्या आवृत्तीत मागचा पाटा निराळ्या रीतीने बसवून हा स्वभाव बराचसा सुधारला. नवशिक्याने त्यानंतरचीच घ्यावी. शेवटच्या दीड लिटरच्या इंजिनाची, म्हणजे १९७४ पासूनच्या, बेअरिंगे तुलनेने नाजूक. त्याआधीचे तेराशे सीसीचे इंजिन अधिक सोशीक. चॅसी वेगळी असली तरी दाराखालचे उंबरे इथेही मजबूत हवेत. आणि पुढच्या चाकांजवळ पितळेचा एक तुकडा असतो, ट्रनियन नावाचा. त्याच्याकडे दुर्लक्ष केले तर... पण ते पुढे येईल.

माझे मन कुठे झुकत होते हे चतुर वाचकांनी ताडले असेल. म्हणूनच मी भाच्याला 'ही घे' असे लिहिले नाही. माझ्या मनाचा कौल निर्मळ नव्हता. मी लिहिले, 'माझदा नको म्हणतोस तर एमजीबी आणि स्पिटफायर दोन्ही पाहून या. पण जाताना सूनबाईंना बरोबर ने. आणि फ्रिजवरचं एक लोहचुंबक खिशात टाक.'

चुंबक कशासाठी, ते सांगतो. नवी गाडी घेणारा इंजिन ऐकतो, जुनी गाडी घेणाऱ्याने पत्रा वाजवावा. इंजिन घरच्या गॅरेजात सुधारता येते. गंजलेला सांगाडा कापून नवा पत्रा जोडणे हे वेल्डिंगवाल्याचे काम, आणि त्याचे बिल गाडीच्या किमतीला मागे टाकू शकते. विकणारे काय करतात? भोकांत लांबी भरतात, घासून गुळगुळीत करतात आणि वर रंग मारतात. डोळ्यांना कळत नाही. पण चुंबक लोखंडाला चिकटते, लांबीला चिकटत नाही. त्याला मऊ फडके गुंडाळावे, म्हणजे रंगाला चरा पडत नाही, आणि उंबऱ्यावरून, चाकांच्या कमानींवरून हळूहळू फिरवत जावे. जिथे पकड सुटते तिथे पत्रा नाही, नुसता मेकअप आहे.

त्या रविवारी दोघे निघाले. लाल एमजीबीचा मालक मोठा गोड बोलणारा होता म्हणे. त्याने इंजिन सुरू करून दाखवले. ते मांजरासारखे गुरगुरत होते. भाचेबुवा विरघळले, खिशातून पाकीट बाहेर येण्याच्या बेतात होते. इकडे सूनबाई गुडघे टेकून डाव्या बाजूच्या उंबऱ्यावर चुंबक फिरवत होत्या. दारापाशी ते चिकटले, पुढे वीतभर गेले आणि टपकन खाली पडले. त्यांनी पुन्हा लावले. पुन्हा पडले. त्यांनी मालकाला विचारले, जॅक लावून दाखवता का? जॅकवर गाडी चढली आणि दार उघडेना! सांगाडा इतका ढिला झालेला की गाडी आपल्याच वजनाने मधोमध वाकत होती. पाकीट खिशात परत गेले.

'मामा, अहो, नारळ वाजवून घेतो तसंच आहे हे,' सूनबाईंनी मला रात्री सांगितले. मी मनात म्हटले, भाच्याचा नळ गळू दे, पण घरात पारख आहे!

स्पिटफायर त्यांनी पुढच्या आठवड्यात पाहिली. १९७३ ची, तेराशे सीसीची. रंग उडालेला, टपाला ठिगळ, बैठकीची शिवण उसवलेली, आणि इंजिन खोकणारे. पण चुंबक या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटत गेले. मी आणखी एक परीक्षा सांगितली होती. एकाने आत बसून क्लच दाबावा-सोडावा आणि दुसऱ्याने इंजिनाच्या पुढची पट्ट्याची पुली पाहावी. ती पुढेमागे हललेली डोळ्यांना दिसली तर आतल्या अर्धचंद्राकृती चकत्या झिजल्या समजावे, आणि गाडी तिथेच सोडावी. भाच्याने क्लच दाबला, सूनबाईंनी पुली पाहिली. हलली नाही. सौदा झाला. सहा हजारांतले हजारभर पौंड हाती उरले, आणि ते उरलेच पाहिजेत. जुनी गाडी घेताना सगळी रक्कम गाडीवर टाकणारा माणूस पहिल्या महिन्यातच हताश होतो. टायर, ब्रेकचे रबर, पेट्रोलच्या नळ्या आणि बॅटरी यांचा खर्च ठरलेला आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्याने विरते. म्हणून नळ्या आधी बदलाव्या. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये तर ते प्रमाण याहून जास्त. जुनी स्कूटर बाळगणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

अशा माणसाला तिकडे सोबतही चांगली मिळते. एमजीवाल्यांचा क्लब १९३० पासूनचा. ट्रायम्फच्या या छोट्या गाड्यांचा १९७७ मध्ये निघाला. कोणता भाग कुठे मिळेल आणि कोणत्या बोल्टला शिव्या द्याव्या लागतील, हे सांगणारी माणसे तिथे भेटतात. शिवाय हेन्स यांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका आहेतच. त्यातली पहिली १९६६ साली निघाली, तीही ऑस्टिन-हीली स्प्राइट या छोट्या स्पोर्ट्स मोटारीवरच. प्रत्यक्ष गाडी सुटी करून, फोटो काढत लिहिलेले हे पुस्तक हौशी माणसाचे खरे गुरुजी. चाळीस वर्षांवरच्या गाडीला ब्रिटनमध्ये वाहनकर माफ आहे, आणि मोठे फेरबदल केलेले नसतील तर २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. पण सक्ती नाही म्हणून तपासणी चुकवू नये. आपण केलेले काम परक्या डोळ्यांनी वर्षातून एकदा पाहिलेले बरे. विशेषतः ब्रेकचे काम.

आणि घरच्या माणसांसाठी दोन शब्द. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. खाली लोखंडी घोड्या लावाव्यात, मगच डोके आत घालावे. जुन्या ब्रेकमधली धूळ फुंकून उडवू नये, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. या गाड्यांना हवेच्या पिशव्या नाहीत. म्हणून अशी मोटार घरातली दुसरी असावी, एकुलती एक नव्हे.

आता ते कारण.

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९६९ साली एक जुनी स्टँडर्ड हेराल्ड घेतली. पुण्यातल्या आमच्या बोळात बैलगाडी वळत नसे, पण हेराल्ड पंचवीस फुटांत पुरी फिरायची. अण्णा मोठ्या ऐटीत ती वळवत. दर रविवारी बॉनेट कलंडायचे आणि अण्णा पुढच्या चाकावर बसायचे. पुढे भाचा सुटीला येऊ लागला. हा चार-पाच वर्षांचा पोरगा दुसऱ्या चाकावर बसून पाने पुढे करी. 'आजोबा, कुठला?' 'अर्ध्या इंचाचा.' मी मात्र खिडकीत वर्तमानपत्र वाचत बसे. त्या काळ्या हातांची मला लाज वाटे, हे आज कबूल करतो.

१९९३ मध्ये अण्णांना अर्धांगाचा झटका आला. हेराल्ड माझ्या गळ्यात पडली. मी ती जवळच्या एका गॅरेजात टाकली आणि पैसे मोजून मोकळा झालो. त्यांनी इमानाने सगळीकडे ग्रीस भरले. पुढच्याच वर्षी, वसुबारसेच्या दिवशी, बोळाच्या तोंडाशी मी चाक पुरते वळवले आणि गाडीचा उजवा खांदा खाली बसला. पुढचे चाक आडवे पडले होते. वेग चालीचा होता म्हणून कोणाला काही झाले नाही.

घरी येऊन अण्णांना सांगितले. त्यांचे बोलणे तेव्हा अडखळत असे. त्यांनी एवढेच विचारले, 'ट्रनियनला तेल... घातलं होतंस ना?'

मला तो शब्दही माहीत नव्हता. पुढल्या साली अण्णा गेले. १९९६ मध्ये मी हेराल्ड भंगारवाल्याला वजनावर विकली. त्या मे महिन्यात भाचा आला, तेव्हा दारात फक्त तेलाचा डाग होता. पोरगा रडला नाही. त्याने विचारले, 'मामा, तो अर्ध्या इंचाचा पाना आहे का?' मी शोधून दिला. त्यानंतर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

अण्णांची खर्चाची वही मात्र माझ्याकडे राहिली. एका पानावर दूध, रॉकेल, फी. समोरच्या पानावर गाडी. त्यात जागोजाग एक नोंद आहे : 'ट्रनियन, ई.पी. ९०. ग्रीस नव्हे, तेल.' ई.पी. ९० म्हणजे गिअरचे जाड तेल. त्या पितळी तुकड्याच्या आत आटे असतात आणि चाक वळताना ते त्यांवर फिरते. तेल आट्यांत खालपर्यंत उतरते. ग्रीस वरच अडकून सुकते, खाली पाणी शिरते, आट्यांतला पोलादी दांडा गंजतो आणि एके दिवशी मोडतो. नेमका गाडी वळवताना. गॅरेजवाल्याला दोष देऊन काय उपयोग? वही कपाटात होती आणि मी ती उघडली नव्हती.

मागच्या रविवारी भाच्याने फोनवर मला गॅरेज दाखवले. मोहरी रंगाचे नाक पुढे कलंडलेले. एका चाकावर तो, दुसऱ्यावर नात, तिच्या मांडीवर पान्यांचा डबा. त्याने हात पुढे केला. तिने तोच जुना पाना त्याच्या हातात दिला.

'मामा,' तो म्हणाला, 'पुस्तकात ट्रनियनला तेल घाल म्हणून लिहिलंय, आणि आधीच्या मालकानं ग्रीस भरलंय. कोणाचं ऐकू?'

मी त्याला म्हटले, 'थांब. तुझ्या आजोबांनी लिहून ठेवलंय, ते वाचून दाखवतो.' आणि वही काढून त्याला ते पान वाचून दाखवले. नातीने विचारले, हे कोण आजोबा? मग तासभर तेच सांगत बसलो. गाडीचे काम त्या दिवशी काही झाले नाही.

तेव्हा वाचकहो, गाडी असो की आणखी काही, हात पोचेल ते घ्यावे. आणि पोचलेल्या हाताने जे कळले ते वहीत लिहून, घरच्यांना ती वही दाखवून ठेवावी. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर अशी एखादी वही सापडली, तर रद्दीत टाकण्यापूर्वी दोन पाने चाळून पाहा.